लाणा जिथं थांबतो

वाळवंट म्हणजे वाळू, असं मी औरंगाबादच्या कॉलेजात बारा वर्षं मुलींना शिकवत होते. फळ्यावर पिवळ्या खडूनं एक टेकाड काढायचं, त्यावर एखादं काटेरी झाड, कोपऱ्यात सूर्य. झालं वाळवंट. मी स्वतः तोवर पुण्याच्या पलीकडं गेले नव्हते.

मग प्रबंधाचं ठरलं. थरच्या वाळवंटात कोणतं झाड कुठं येतं आणि का, हा विषय. त्यातल्या 'का'चं उत्तर मी जायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. पाऊस. पूर्वेकडून पश्चिमेकडं पाऊस कमी होत जातो, तशी झाडं बदलत जातात. माझ्या मार्गदर्शक सरांनाही ते पटलं होतं. आता तिथं जाऊन झाडं मोजायची आणि तक्ते भरायचे, एवढंच राहिलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी घडलेली ही गोष्ट. बाईनं एकटीनं इतक्या लांब जायचं म्हटल्यावर गारखेड्यातल्या आमच्या घरात दोन दिवस कुणी मोकळं बोललं नाही. शेवटी यजमान म्हणाले, "अक्काला घेऊन जा."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण कौसल्या, माझ्या वन्सं. पाचोडजवळच्या एका खेड्यात राहायच्या. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. पाचोडचा आठवडी बाजार आणि सणाला आमचं घर, एवढाच त्यांचा प्रवास. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"तिथं जमीन कशी हाय?"

"वाळू आहे वन्सं. वाळवंटच ते."

"सगळीकडं एकसारखीच?"

"हो."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग आत जाऊन त्यांनी घोंगडी झटकली आणि वळकटी बांधायला घेतली.

जैसलमेरच्या पुढं

गाडीतले दिवस सोडून देते. पौषातली सकाळ होती. स्टेशनाबाहेर आलो तर गाव अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि तरी ते उजळ होतं. तिथला दगडच पिवळा. भिंती, पायऱ्या, किल्ला, सगळं एकाच हळदीनं माखलेलं. वन्संनी वळकटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "लगीनघर हाय गं हे."

भेराराम आम्हाला न्यायला आला होता. ओळखीच्या एका शिक्षकानं त्याच्या घरी आमची राहायची सोय केली होती. उंच, वाळका माणूस, डोक्यावर लाल फेटा, बोलणं मोजकं. त्याच्या उंटगाडीला जुन्या ट्रकची रबरी चाकं होती, त्यामुळं गाडी चालायला लागली तरी आवाज होईना. रस्ता संपला, वाळू लागली, आणि आवाज अजूनच कमी झाला. मराठवाड्यात माळावर कितीही लांब गेलं तरी कुठंतरी मोटेचा नाहीतर इंजिनाचा आवाज येत राहतो. इथं कान इतके मोकळे झाले की मला माझ्याच नाडीचे ठोके ऐकू यायला लागले. मी दचकून वन्संकडं पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

दुपारपर्यंत टेकड्या सुरू झाल्या. वाऱ्यानं वाळूवर बोटं फिरवून ठेवल्यासारख्या लहरी. त्यांच्यावर एक झाड होतं, पानंच नसल्यासारखं, नुसत्या करड्या काड्यांचा झुबका.

"भेराराम, इस झाड कू क्या बोलते तुम्हारे में?" वन्संनी विचारलं. पाचोडच्या बाजारात बागवानांशी बोलायचं तेच हिंदी त्यांनी इथं जसंच्या तसं आणलं होतं.

"फोग, बाईसा."

"और वो?"

"खींप."

वन्संनी दोन्ही नावं तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवली, नव्या सुनेचं नाव घोळवावं तशी.

दोरी

माझी पद्धत सोपी होती. पन्नास हाताची एक दोरी जमिनीवर सरळ पसरायची आणि तिला जी जी झाडं शिवतील ती वहीत लिहायची. मग दोरी पुढं. भेरारामच्या गावापासून पश्चिमेकडं अशी एकामागून एक दोरी टाकत जायचं ठरवलं होतं. वन्सं एक टोक धरायच्या.

तिसऱ्या दिवशी माझा तक्ता फसला.

गावाबाहेरच्या टेकडीवर फोग, खींप आणि सेवण नावाचं उंच गवत होतं. टेकडी उतरून खडकाळ, लालसर जमीन लागली तसं ते सगळं गायब. तिथं फक्त कैर, काट्यांचा हिरवा गुंता. आणखी पुढं सखल भागात कैरही नाही, तिथं लाणा नावाचं बुटकं, राखेच्या रंगाचं झुडूप. हे सगळं अर्ध्या कोसात! अर्ध्या कोसात पाऊस कसा बदलेल? मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. परत टेकडीवर जाऊन पहिल्यापासून दोऱ्या टाकल्या. उत्तर तेच. दुपारी मी वही मांडीवर घेऊन वाळूत बसून राहिले. डोळे भरून आले होते आणि ते वन्संना दिसू नयेत म्हणून मी तोंड फिरवलं.

त्या मागं मागं येत होत्या. दर थोड्या अंतरावर वाकून चिमूटभर माती उचलत होत्या, चोळत होत्या, जिभेला लावून थुंकत होत्या. त्यांची सवय म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

"शोभा, तू वर बघतीस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आभाळाकडं. अगं, पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडला. खाली बघ ना."

त्यांनी मला हाताला धरून उठवलं. टेकडीवर नेऊन कोपरभर वाळू उकरली आणि माझा हात आत घातला. आत गार, ओलं लागलं. कधीचा पाऊस, पण वाळूनं तो पिऊन खाली दडवून ठेवला होता. "फोगाला एवढंच पायजे, खोल जाऊ देणारी जमीन." मग खडकाळ पट्ट्यावर आलो. तिथं खुरपं वाजलं आणि उडालं. "हितं पानी थांबतच नाय, वाहून जातं. फटीत पाय रोवून बसणारा गडी हितं टिकतो." शेवटी सखलात लाण्याजवळची माती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "चाट."

मी जीभ लावली. मीठ.

"आपल्या शिवारात काय येगळं हाय? काळीत कापूस, मुरमाडात हुलगा, बरडावर तरवड. पाऊस काय येगयेगळा पडतो व्हय?"

मातीचं प्रकरण मी दरवर्षी शिकवत होते. सामू, क्षार, निचरा, सगळं मुलींकडून पाठ करून घेत होते. पण ते पुस्तकात वेगळं प्रकरण होतं आणि झाडांचं वेगळं. दोन्ही पानं एकमेकांना कधी चिकटलीच नव्हती. मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की मी वन्संचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या म्हणाल्या, "सोड आता, उंट हसतोय."

पिशव्या

त्यानंतरचे दिवस मला अजूनही झोपेत चालल्यासारखे आठवतात. झाड बदललं की तिथली माती कापडी पिशवीत भरायची. मी वहीत नंबर, खोली, झाडांची मोजदाद लिहायची. वन्सं पिशवीच्या तोंडाशी शिसपेन्सिलीनं काहीतरी गिरवायच्या.

"हे काय लिहिता?"

"माझं मला. तुझी वही मला कुठं वाचता येती?"

पाहिलं तर उर्दू अक्षरं! माझे सासरे निजामाच्या अमलात पटवारी होते, दफ्तर सगळं उर्दूत. थोरल्या लेकीला त्यांनी घरीच बसवून लिहायला शिकवलं. पोलिस ॲक्शन झाली, दफ्तर मराठीत आलं, धाकटा मुलगा मराठी शाळेत गेला आणि थोरलीचं लग्न झालं. आमच्या घरात उर्दू वाचता येणाऱ्या त्या एकट्याच, आणि मराठी न वाचता येणाऱ्याही त्या एकट्याच. सासरी त्यांना कागद लागलाच नाही. एकोणतीस वर्षांनी त्या पेन्सिल धरत होत्या.

आम्ही चालत राहायचो. ऊन मऊ असायचं. दुपारी लांबच्या टेकड्या जमिनीपासून सुटून वर तरंगायला लागायच्या आणि त्यांच्यावरचे रोहिड्याचे वृक्ष पाण्यात उलटे पडल्यासारखे दिसायचे. मी त्यांना मुठीत माती द्यायची, त्या डोळे मिटून झाडाचं नाव सांगायच्या. "खींप... नाय थांब, भुसभुशीत हाय पण थोडी चिकण बी हाय. जाळ." मी बघायची, तर खरंच समोर जाळीचं झाड. इथं पिलूला जाळ म्हणतात. दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं. चुकलं की त्या रुसून पुन्हा मागायच्या.

रण

नवव्या दिवशी आम्ही रणाजवळ पोचलो. रण म्हणजे मिठाचं तळं, एरवी कोरडं. दोन दिवसांपूर्वी अवकाळी थेंब पडून गेले होते. लाण्याची झुडपं आधी कमरेएवढी होती, मग गुडघ्याएवढी, मग वीतभर, आणि मग एका रेषेवर येऊन थांबली. पुढं पांढरं. क्षितिजापर्यंत नुसतं पांढरं, आणि त्यात आभाळ उतरलेलं. एक ढग वर होता, एक खाली.

वन्सं रेषेवर थांबल्या. भेराराम बराच मागं उंटाला चारा टाकत होता.

"मधली माती हवी," मी म्हणाले.

"हितलीच घे. झाड जिथं थांबलं, तिथं माणसानं बी थांबावं."

"झाडाला पाय नाहीत वन्सं," असं म्हणून मी निघाले. ते वाक्य आजही मला टोचतं.

पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. पाच पावलं, दहा, वीस. मला वाटलं मी चालत नाहीये, ते पांढरंच माझ्याखालून सरकतंय. मी कुठं आहे हेसुद्धा विसरले. आणि मग पापड मोडला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला डाव्यावर भार दिला तर तो मांडीपर्यंत. वर पांढरं होतं, आत काळा, कुजका वास येणारा गार चिखल. खांद्यावरची पिशवी घसरली. तिच्यात वही होती. हात घातला तर आणखी खाली गेले. तेव्हा मी ओरडले.

"हलू नको!" वन्संचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "आडवी हो! हात पसर, आडवी हो!"

मी छाती टेकली. त्यांनी अंगावरची घोंगडी पसरली, तिच्यावर पोटावर झोपल्या, आणि सरपटत, घोंगडी पुढं ओढत, परत तिच्यावर सरकत माझ्याकडं यायला लागल्या. मोजायची दोरी त्यांच्या कमरेला होती. तिचं मागचं टोक तोवर उंट घेऊन पळत आलेल्या भेरारामनं उंटाच्या जोताला बांधलेलं होतं. पुढचं त्यांनी फेकलं. दोनदा पोचलं नाही. तिसऱ्यांदा मी मनगटाला गुंडाळलं.

उंट एक पाऊल मागं गेला, मग दुसरं. चिखलानं मला सोडताना मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला. लाण्याच्या रेषेपर्यंत आम्ही दोघी तशाच घसटत आलो. वन्संच्या तळहातांची साल निघाली होती. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझा चेहरा पदरानं पुसला. "तुझ्या नवऱ्याला म्या काय सांगितलं असतं गं," एवढंच त्या म्हणाल्या.

वही मात्र गेली.

भेरारामच्या आईची चूल

त्या संध्याकाळी भेरारामच्या आईनं, सगळे तिला माजी म्हणायचे, आम्हाला गरम पाण्यानं आंघोळ घातली आणि आपले घागरे नेसवले. चुलीसमोर बसवून बाजरीची जाड रोटी तुपात चुरून दिली, वर कैर-सांगरीची, म्हणजे कैरच्या फळांची आणि रानशेंगांची भाजी, आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी. वन्संनी आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी एक पातळ भाकरी थापून दाखवली, तशी माजी हसत सुटली. "या तो पापड है!" एक मारवाडीत बोलत होती, दुसरी पाचोडच्या हिंदीत, आणि दोघींना सगळं समजत होतं.

मी रोटी बाजूला सारली. "सगळं गेलं वन्सं. नऊ दिवसांचं सगळं."

त्या उठल्या, गाडीतून पिशव्यांचं गाठोडं आणलं आणि चुलीच्या उजेडात एक एक पिशवी मांडली. हळद लावलेल्या बोटानं अक्षरं लावत त्या वाचायला लागल्या. "गावापासून चौथी दोरी. वाळू, हातभर खाली ओल. फोग अकरा, खींप सहा." दुसरी पिशवी. "नववी दोरी. बरड. कैर चार, दुसरं काय नाय." त्यांनी नुसती खूण केली नव्हती, सगळं लिहिलं होतं. दोरी कितवी, माती कशी, चव कशी, झाडं किती. भेरारामनं मुलाच्या शाळेची पाठकोरी वही आणून दिली. वन्सं वाचत गेल्या, मी लिहीत गेले.

शेवटच्या काही पिशव्यांवर त्यांनी खारट मातीत काय काय उगवतं ते फारच बारकाईनं लिहिलं होतं. ते ऐकून माजीनं विचारलं, "बेटी, तुझी जमीन कशी आहे?"

वन्संनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पांढरी," त्या म्हणाल्या. "मालक गेले, मंग वाटणी झाली. इहिरीकडची काळी दोघा दिरांनी घेतली. नाल्याकडचं सहा एकर मला. उन्हाळ्यात वर मीठ फुलतं, पावसाळ्यात चप्पल रुतून बसती. जनावर बी बसत नाय तिथं."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर अंगठा उठवला म्या. मंग काय बोलायचं? मला वाटलं, आधी बघावं अशा मातीत कुठं काय जगतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू वाळवंट म्हणालीस, तवाच ठरवलं यायचं."

माजीनं मडक्यातून मूठभर सुकवलेले पिलू काढले. रणाच्या काठावर वाढणाऱ्या जाळीची फळं. एकेक खाल्लं तर तोंड पोळतं, मूठभर एकदम खायचं, म्हणाली. आम्ही खाल्ले. आधी गोड, मग मिरीसारखे तिखट. उरलेले तिनं वन्संच्या पदरात बांधले.

परत पाचोडला

औरंगपुऱ्यातून नवी वही घेतली आणि सरांना भेटायला गेले. पावसाचं उत्तर खोटं ठरलं, असं मी त्यांना सांगितलं. माती तपासायची होती, तक्ते नव्यानं करायचे होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं वाढतील," म्हणाले. मी हो म्हटलं. वन्सं माती चाखून झाड ओळखतात हे ऐकून मात्र ते खुर्चीत पुढं सरकले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

यजमान चिडून वाटणी मोडायला निघाले होते. वन्संनी त्यांना अडवलं. दिरांकडं त्यांनी एकच मागितलं, सामाईक बांधालगत नाल्यापर्यंत एक चर खणू द्यायचा, म्हणजे खारं पाणी वाहून जाईल. थोरला दीर खाली बघत म्हणाला, "खणा." दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तो स्वतःच आला.

पिलूचं बी वन्संनी आषाढात लावलं. एकही उगवलं नाही. मी भीत भीत गेले, त्यांना समजावलं की तिथं मीठ वाळूत होतं, इथं चिकणमातीत आहे, मुळांना श्वासच मिळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यानं तिथंच राहावं. तू चल माझ्यासंगं."

सहा एकरांत जागोजागी बाभळीच्या खुंट्या रोवलेल्या होत्या. वाळवंटात आम्ही दोरी टाकत होतो तसंच वन्संनी स्वतःचं रान चालून काढलं होतं, गवताच्या काडीकाडीनं. मधोमध काहीच नव्हतं. त्याभोवती खारडीचं जमिनीलगतचं करडं झुडूप. मग विरळ हराळी. आणि वरच्या अंगाला, बांधालगत, तरवड आणि बोरी. आजवर सगळ्यांनी त्या सहा एकरांना एकच नाव दिलं होतं, पांढरी. पण तरवडापासून हराळीपर्यंतची माती मी जिभेला लावली तेव्हा तिला मीठ नव्हतं.

दिवाळीच्या आगेमागे वन्संनी त्या पट्ट्यात करडई पेरली. करडई थोडं खारं सोसते, हे मी पुस्तकात वाचून सांगितलं. ते त्यांना आधीच माहीत होतं.

माघात मी पुन्हा गेले. सकाळचं धुकं नाल्यावरून उठत होतं. करडई फुलली होती, पिवळीनारिंगी, काटेरी, कमरेएवढी. खाली उतरताना ती हळूहळू बुटकी होत गेली, विरळ झाली, आणि वाकड्यातिकड्या रेषेवर संपली. पुढं पांढरी जमीन, धुक्यात मिसळलेली. वन्सं त्या रेषेवर उभ्या होत्या, शेवटच्या रोपाशी.

"हितपर्यंत माझं," त्या म्हणाल्या. "पुढचं मिठाचं."

मग वाकून त्यांनी पलीकडची चिमूटभर माती उचलली, चाखली, थुंकली, आणि थोडा विचार केला.

"यंदाच्या पावसात चरातनं खारं पानी वाहून गेलं की परत विचारते त्याला. हातभर तरी देईल."